रळियातचा र

पूंजाबापा ठाकोरसाहेबांच्या संस्थानातून अकरा कोस चालून इंग्रजी हद्दीतल्या छापखान्यात पोचले, तेव्हा अमुलखभाई आपल्या साप्ताहिकाचा जुळवलेला मजकूर मोडत होते. शिशाचं एकेक अक्षर उचलून ते खणात टाकत होते.

"आमच्या रळियातचं छापून झालं?"

"तेच मोडतोय, बापा. मथळा कालच मोडला." अमुलखभाईंनी मान वर केली नाही. "नवा कायदा आलाय. दिल्लीच्या कायदेसभेनं नको म्हटलं, तरी लाटसाहेबानं सही ठोकली. संस्थानी राजांविषयी अप्रीती होईल असं छापलं, तर पाच वर्षं आत."

"अप्रीती म्हणजे?"

"प्रेम उडणं."

बापा भुईवरच टेकले. गेल्या महिन्यात ठाकोरसाहेबांकडे पाहुणे आले आणि शिपायांनी गावातल्या खाटा वेठीला उचलून नेल्या. रळियात, बापांची सून, तीन दिवसांची बाळंतीण. तिला ओल्या जमिनीवर उतरवून खाट नेली. सहाव्या दिवशी ती गेली.

"माझं प्रेम खाट नेली तेव्हाच उडालं. मग पाच वर्षं त्या शिपायांना का नाहीत?"

"कायदा छापणाऱ्याला आहे."

"शाई वाळली की ठाकोराच्या बापालाही पुसता येणार नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात ना? म्हणून सुनेचं नाव तोंडातून काढलं मी. भावकीनं वाळीत टाकलं तरी काढलं."

"मलाही बायकापोरं आहेत, बापा."

दगा झाला, एवढं बापांना कळलं. ते उठले. दाराशी दोरीवर ताज्या लाल पत्रिका वाळत होत्या.

"हे कुणाचं?"

अमुलखभाईंनी आणखी एक अक्षर खणात टाकलं. "ठाकोरसाहेबांच्या कुंवरांचं लग्न आहे."

बापांनी पागोट्यातून चिठोरं काढलं. मागल्या खेपेला अमुलखभाईंनीच मथळ्यातलं रळियातचं नाव त्यावर छापून दिलं होतं. वाचता येत नसलं तरी ती चार अक्षरं बापांच्या डोळ्यांत बसली होती. चिठोरं पत्रिकेशेजारी धरून ते ओळीवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"हा र आमच्या रळियातचा. शेपटी तुटलेली आहे बघा, दोन्हीकडे."

अमुलखभाईंच्या हातातलं अक्षर हातातच राहिलं.

बापांनी चिठोऱ्याची घडी घातली.

"पाहुण्यांना निजायला खाटा लागतील, अमुलखभाई," ते म्हणाले. "आणि बोलावणं आमच्या रळियातच्या अक्षरानं धाडलंत."