लुडबूड

इंटरनेट सगळ्यांपर्यंत सारखं पोचतं का, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी नेटचा वापर मोजणारे छोटे डबे त्यांनी घराघरांत बसवले. एक आईच्या घरीही बसवला आणि जाता जाता बजावलं, "आई, यावर माझं संशोधन चाललंय. मध्ये तुझी लुडबूड नको हं."

त्या दिवसापासून आईचे रोजचे व्हिडिओ कॉल थांबले. कामाच्या रगाड्यात मॅडमना, खरं सांगायचं तर, हायसंच वाटलं.

महिनाभर आईच्या घरचा वापर शून्य आला. परिषदेत मॅडमनी तोच आलेख पडद्यावर दाखवला. "या घरात नेटला वेग आहे, सुरक्षितता आहे. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांना इंटरनेटची गरजच वाटत नाही." माना डोलल्या, टाळ्या पडल्या.

बाहेर येऊन त्यांनी आईला साधा फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"अगं आई, घरात एवढं नेट आहे, तू वापरत का नाहीस?"



"तूच म्हणालीस ना, लुडबूड नको. झालं का गं तुझं मोजून? मग आता बघू का तुला?"