कोपऱ्यातला अंगठा

धाकटीने शिक्का कागदावर धरला आणि दाबला. समोर बसलेल्या थोरलीने टॅगच्या भोकातून दोरा ओवता ओवता तिरक्या नजरेने पाहिलं. सरळ बसला होता. मेला केसभरही वाकडा नाही!

दोघी जावा जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. सासूबाईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि संध्याकाळी घर माणसांनी भरणार होतं. गेली सोळा वर्षं त्यांच्या वाढदिवसाचं कार्ड थोरली करायची. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ती सोळाच्या सोळा कार्डं ओळीने उभी होती. या वर्षी सासूबाई सहज म्हणाल्या, "या खेपेला धाकटीला करू दे की." झालं! धाकटीला कार्ड, आणि थोरलीच्या वाट्याला भेटवस्तूंना बांधायचे चाळीस टॅग. काल कात्री धरायला शिकलेल्या बाईला द्यावं तसलं काम.

"खुशाल करू दे," ती तेव्हा म्हणाली होती. "मी त्या कार्डाकडे ढुंकूनही बघणार नाही."

आणि आज सकाळी धाकटी आंघोळीला गेल्याबरोबर बघितलं होतं. भांडी आवरून हाताला क्रीम चोळत होती, तशीच टेबलाशी आली, कार्ड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. मशीनच्या साच्यातून कापून काढलेली नाजूक वेल. मागे निळ्या शाईचे तीन थर, एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो ते कळू नये असे. तिने कडा तपासल्या, डिंकाचा ओघळ शोधला, वेलीचं टोक कुठे फाटलंय का पाहिलं. एवढीशीसुद्धा खोट सापडेना. असा जळफळाट झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग होतं तिथे, होतं तसंच कार्ड ठेवून ती निघून गेली.

आता फक्त सोनेरी अक्षरं उठवायची राहिली होती. चिकट शाईचा शिक्का मारायचा, वर सोनेरी पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेचा झोत द्यायचा. पावडर वितळते आणि अक्षरं फुगून येतात. पण ती पावडर भारी लोचट. कागदाला जरा ओल लागू दे नाहीतर तेलकट, तिथेही जाऊन बसते. म्हणून शिक्का मारण्याआधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवायची असते. हे थोरलीला ठाऊक होतं. धाकटीला नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं थोरली मनाशी म्हणाली. पण जे माहीतच नाही ते कुणी विचारणार काय, कपाळ?

"वहिनी, गरम किती वेळ करायचं हो?"

"तुझं तू बघ बाई. मी आपली टॅगवाली."

धाकटीने पावडर टाकली, झटकली, गरम हवेचं यंत्र सुरू केलं. थोरलीने ओवणं थांबवलं. येऊ देत आता अक्षरांभोवती सोनेरी ठिपके, माखू दे सगळं.

'पंचाहत्तर' उमटलं. लखलखीत, स्वच्छ, एक ठिपका नाही. आणि मग खालच्या कोपऱ्यात आणखी काहीतरी चमकायला लागलं. रेषा. एकात एक गोल गोल रेषा, आणि त्यांना तिरकी छेदून गेलेली एक कोरी फट.

"अगंबाई!" धाकटीने यंत्र बंद केलं. "हा अंगठा कुठून आला?" तिने स्वतःचा अंगठा शेजारी धरून पाहिला.

थोरलीने हात टेबलाखाली घेतला. नेमक्या त्याच वेळी सासूबाई आत आल्या. त्यांनी चष्मा लावला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"हा तर हिचा! माझं पहिलं कार्ड कापताना ब्लेड लागलं होतं, ती ही खूण. मीच पट्टी बांधली होती. काय गं, ढुंकूनही बघणार नव्हतीस ना?"

"मी दुसरं करते, आई," धाकटी म्हणाली.

"मुळीच नाही. मला हेच हवं." आणि कार्ड घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्यासुद्धा.

दोघीच उरल्या. धाकटी हळूच म्हणाली, "चार दिवस तुमच्या पुढ्यात बसून करतेय. वाटायचं, एकदा तरी म्हणाल, बघू गं." मग तिने विचारलं, "कसं वाटलं?"

थोरलीने टेबलाचा खण उघडला, पुरचुंडी काढली आणि टेबलावरून पलीकडे सरकवली.

"आधी ही फिरवायची. मग बोटं उठत नाहीत."

धाकटीने पुरचुंडी हातात घेतली, वास घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

थोरलीने पुढचा टॅग उचलला. दोरा भोकात जाईना.

बाहेर कपाटाचं दार वाजलं. सासूबाईंनी नवं कार्ड सगळ्या कार्डांच्या पुढे उभं केलं होतं. मागच्या सोळा कार्डांवर थोरलीने आपलं नाव पाठीमागे, बारीक अक्षरांत लिहिलं होतं; ते कधी कुणी उलटून वाचलं नव्हतं. आज मात्र येणारा प्रत्येक जण कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारणार होता, हा अंगठा कुणाचा. आणि सासूबाई प्रत्येकाला कौतुकाने सांगणार होत्या.