काचेवरची वाफ

जुन्या गाजलेल्या सिनेमाची श्रेयनामावली मोशन ग्राफिक्समध्ये नव्याने करायचं काम घरातल्या धाकटीकडेच आलं. मूळ अक्षरं तिच्या बाबांनी काचेवर रंगवली होती. काचेमागे दिवा धरून आई तासन्‌तास उभी राहायची. त्या दोघांचं नाव मात्र सिनेमात कुठेच नव्हतं. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

धाकटीने सगळं कॉम्प्युटरवर केलं. ना काच, ना कॅमेरा. तरी प्रत्येक नावाआधी काळ्या स्क्रीनवर गोल वाफ धरायची आणि विरायची. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. वाफ काही जाईना.

शेवटी तिने आईला शेजारी बसवून दाखवलं.

"तुझे बाबा नाव लिहिण्याआधी काचेवर तोंडाची वाफ सोडून बाहीने पुसायचे," आई म्हणाली. "किती बोलायची मी त्यांना त्या बाह्यांवरून."

"आई, बाबा नाहीत आता."

"मला सांगतेस?"

शेवटचं नाव येऊन गेलं. धाकटी बंद करायला गेली, तोच वाफ पुन्हा धरली. आईने तिचा हात अलगद बाजूला केला.

"राहू दे गं. माझं नाव सगळ्यात शेवटी लिहीन म्हणाले होते."

स्क्रीनच्या आतल्या बाजूने कुणीतरी वाफ पुसायला लागलं.