तेवीस नंबरचा स्वभाव

"तेवीस नंबर आज चांगलाच पेटलाय," मोजणीच्या यंत्रावरून नजर न हलवता बाई म्हणाल्या.

"पेटू दे. कोण आहे ते विचारायचं नाही," प्रोफेसर म्हणाले.

प्रयोगशाळेचा तो कायदाच होता. वरच्या वॉर्डातल्या विषाणूच्या तापाच्या रुग्णांचं रक्त रोज सकाळी खाली यायचं. तुलनेसाठी विभागातली धडधाकट मंडळीही एकेक नळी भरून द्यायची, बाईसुद्धा. नर्स नावं झाकून प्रत्येकाला ठरलेला नंबर चिकटवायची आणि यादी पाकिटात बंद. बाईंनी फक्त पेशी मोजायच्या: विषाणूवर तुटून पडणाऱ्या किती आणि त्यांना आवरणाऱ्या किती.

पण सोमवारपासून बाईंचा नवराच त्या वॉर्डात होता. बावीस वर्षं मोजणीत काढलेली बाई असल्या कायद्याला थोडीच जुमानणार!

नवऱ्याच्या तापाशी दोन नंबर जुळत होते, एकोणीस आणि तेवीस. दोन्हींत लढणाऱ्या पेशींनी धुमाकूळ घातला होता. एकोणीसमध्ये त्यांना आवरणारं कोणी जागंच नव्हतं. तेवीसमध्ये मात्र आवरणाऱ्या पेशी डोळे चोळत उठत होत्या. बाईंचा नवरा चटकन तापायचा आणि तितक्याच चटकन निवळायचा. सगळी आळी त्याला 'दूध' म्हणायची. तेवीस म्हणजे आपलेच हे, अशी बाईंनी खूणगाठ बांधली. एकोणीससाठी त्या हळहळल्या, आणि तो आपला नाही म्हणून त्यांना हायसंही वाटलं.

गुरुवारी सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"श्वास जड झालाय त्यांचा. लढणाऱ्या पेशींना दाबणारं औषध आहे, पण इतक्या लवकर दिलं तर विषाणूला मोकळं रान मिळेल. नाही दिलं, तर याच पेशी फुप्फुसं पोखरतील. तासाभरात सांगा."

बाई धावतच खाली आल्या. सगळ्यांच्या आधी तेवीसची नळी लावली. आवरणाऱ्या पेशी कालच्या तिप्पट! जिन्याच्या खेपांनी त्यांचं अंग ठणकत होतं, डोकं जड झालं होतं, पण वर जाताना त्यांनी एकेक पायरी गाळली.

"औषध नको. दोन दिवस थांबा."

"नक्की?"

"नक्की."

जीभ म्हणाली खरी, पण चुकलं असतं तर माणूस हातचा गेला असता.

"काय गं, वाचतो का मी?" नवऱ्याने क्षीण आवाजात विचारलं.

"तुम्हाला काय धाड भरलीय? मी स्वतः मोजून आलेय. तुमच्या पेशी तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत. गुपचूप सूप प्या."

तो हसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच वाटीभर सूप प्यायला.

शुक्रवारी तेवीस पार निवळला. नवऱ्याचा ताप मात्र हटेना. बाई रात्रंदिवस 'उतरेल, उतरेल' म्हणत उशाशी बसून राहिल्या. शनिवारी तो उतरला. त्याच दिवशी एकोणीसमध्येही आवरणाऱ्या पेशी उठल्या. त्या बिचाऱ्याच्या घरच्यांसाठी बाईंना मनापासून बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात नवरा स्वतःच्या पायांनी घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी चहात साखर कमी म्हणून भांडला. बाईंच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

महिनाअखेरीस प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि यादी वाचायला घेतली.

"एकोणीस." ते थबकले. "अहो, हे तर तुमचे यजमान! अगदी काठावरून परत आले हो."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मग तेवीस कोण?"

प्रोफेसरांनी चष्मा वर सारून ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तेवीस धडधाकट गटातला आहे. बाई, त्या आठवड्यात तुम्हाला अंगात कसकस वगैरे जाणवली होती का हो?"