जांभळावरची बाटली

मोरिवलीत दौलतरावांच्या अंगणातल्या जांभळाला अस्थी टांगलेल्या होत्या, आणि त्या ज्या माणसाच्या होत्या ते माणूस ओट्यावर बसून चमच्याने पेज पीत होतं.

माणूस म्हणजे दौलतरावांची एकुलती एक लेक, उन्नती. वय सत्तावीस. जबडा थेट बापाचा, ट्रकच्या बंपरसारखा रुंद. "आरशात रोज तुम्हीच दिसता, बाबा. मिशी तेवढी लावायची बाकी," असं म्हणाली आणि एकवीस दिवसांपूर्वी ठाण्याला जाऊन दोन्ही बाजूंनी तो कापून, घासून घेऊन आली.

आता कापलेलं हाड कुणी घरी आणतं का? पण दौलतरावांनी अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केलेली. दुरुस्ती मोटरची असो की मिक्सरची, जुना पार्ट हातात पडल्याशिवाय हा गृहस्थ जागचा हलायचा नाही. न जाणो, समोरच्याने काही बदललंच नसलं तर? तसेच डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसले. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून बाटलीत दोन तुकडे घालून दिले, खोबऱ्याच्या कातळ्यांसारखे.

बायकोने, गोदूने, ती बाटली उंबऱ्यावरच अडवली. "हाडं घरात येत नसतात. मेलेल्याची असोत, नाहीतर जितीची." मग रिवाजाप्रमाणे फडक्यात बांधून ती जांभळाला टांगली. त्या आठवड्यात तिघंजण सांत्वनाला येऊन गेले. त्यातल्या एकाने तर उन्नतीच्या हातून पाणी घेतलं आणि तिलाच हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

पहिले आठ दिवस पोरीचं तोंड तांबड्या भोपळ्याएवढं होतं. मग ते हिरवं झालं, पिवळं झालं, हळूहळू ओसरू लागलं. दौलतराव रोज सकाळी पेपर उघडून समोर बसत आणि पेपराच्या कडेवरून बघत. सुजेखालून कोण बाहेर येतंय, ते.

आज जबड्याला बांधलेला पट्टा कायमचा सुटला होता, म्हणून दौलतरावांची शेजारची चुलत भावजय चिमी मुद्दाम बघायला आली. आल्या आल्या तिने बाजारातलं वांगं फिरवून बघावं तसा उन्नतीचा चेहरा डावीकडे, उजवीकडे वळवला.

"काकी, दुखतं ना!" उन्नती दातांच्या फटीतून म्हणाली. तोंड अजून दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं.

"बगते गो नुसती. बेस झाला. पन एक सांगू? तू जल्माला आलीस तवा गाव काय काय बोलत व्हता! गोदू पाच महिने बदलापूरला माहेरी, न् परत आली त्याच्या सातव्या महिन्याला तू. बायका बोटांवर महिने मोजत बसलेल्या. पन तुजा जबडा बगला न् सगल्यांची तोंडां बंद. माजा पन."

"मग आता?"

"आता काय!" चिमीने तिरक्या नजरेने पेपराकडे पाहिलं. "गोदूच्या माहेरी शेजारी तो जनू टेंपोवाला व्हता ना, त्याची हनवटी पन अशीच निमुलती. मी आपला सहज बोलते हां."

पेपराची सळसळ थांबली. जनूचं नाव दौलतरावांना नवं नव्हतं. गेले सात दिवस सूज उतरता उतरता तीच हनवटी त्यांना हळूहळू वर येताना दिसत होती. ते फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते.

"बाबा," उन्नती म्हणाली, "एकवीस दिवस तुम्ही एकच पान वाचताय. काय शोधताय?"

"सूज बघतो."

"सूज गेली. आता मी आहे."

दौलतरावांनी घसा खाकरला. "डॉक्टर म्हणाले, सहा महिने आकार बदलत राहतो. तोवर काही खरं नाही."

गोदू इतका वेळ कोपऱ्यात गवार मोडत होती. तिने सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि जांभळाखाली गेली. गाठ हाताने सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. "येते गो, दूध ठेवलाय," असं म्हणून चिमीने एक चप्पल पायात सरकवली आणि दुसरी हातात घेऊनच गेली.

गोदूने बाटली आणून नवऱ्याच्या हातात दिली.

"जुना पार्ट परत पाहिजे होता ना तुम्हाला? धरा. पोरीतलं एवढंच तुमचं होतं असं वाटत असेल, तर एवढंच सांभाळा." आणि ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "घरात मात्र आणायचं नाही."

बाटलीतल्या कातळ्या एकदा किणकिणल्या. दौलतरावांचा स्वतःचा जबडा हलला.

उन्नतीने पेजेचा पुढचा चमचा तोंडात घातला. त्यातली अर्धी पेज ओठाच्या कडेने निसटली आणि नव्या हनवटीवरून ओघळली. हनवटी अजून बधिर होती. तिला पत्ताच नव्हता. ती शांतपणे पुढचा घास घेत राहिली, आणि ओघळ गळ्यापर्यंत आला.

दौलतराव पुसायला पुढे झाले. एका हातात पेपर होता, दुसऱ्या हातात बाटली. आधी काय खाली ठेवावं, ते त्यांना सुचेना.