पुंजारामच्या हातातल्या मुंग्या

सायखेड्याच्या पुंजारामचा विळ्यानं कोपराजवळ कापलेला हात नाशिकच्या डॉक्टरांनी आतली नस सांधून शिवला. टाके सुकले, पण बोटं काही जागी होईनात, आणि कोपराखाली मुंग्या चालू लागल्या. दर महिन्याला बोटभर पुढं! शिवताना आत जित्या मुंग्याच राहिल्या, डॉक्टरांना कळलं तर अख्खा हात कापून काढतील, या धास्तीनं गड्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. मेल्या उपाशी मराव्यात म्हणून त्यानं चहातली साखरसुद्धा सोडली.

तपासणीला डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, "काय पुंजाराम, मुंग्या येतात का हाताला?"

"छ्या! एक बी नाय, सायेब," म्हणत त्यानं सदऱ्याची बाही आणखी खाली ओढली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, सांधलेली नस वाढायला लागली की मुंग्या येतात, आणि नस वाढेल तशा त्याही पुढं सरकतात. त्याच नाहीत म्हणजे नस मेली. हात पुन्हा उघडावा लागणार."

 

पुंजारामनं बाही वर केली. मनगटाभोवती हळदीचं जाड रिंगण होतं. "आल्या व्हत्या सायेब, पार इथवर आल्या व्हत्या... मीच आडवल्या!"