घरात पिस्तूल नको

"घरात पिस्तूल आणायचं नाही," असं झिस्लेनवहिनींनी लग्नातच बजावलं होतं. म्हणून बेल्जियममधल्या लिएजसारख्या बंदुकांच्या गावात राहून ओदोननं जन्मभर छुपी जुनी पिस्तुलंच जमवली. एक काठीतलं, एक किल्लीतलं, एक तंबाखू ओढायच्या चिलमीसारख्या पाइपातलं. वहिनींना ते भंगार वाटतं, असं ओदोनला आणि मला, त्याच्या जुन्या मित्राला, वाटायचं.

ओदोनला पुरून आल्यावर कॉफी आणि तांदळाचा टार्ट झाला. मग वहिनींनी आठवण म्हणून काठी पाद्रीबाबांना दिली, किल्ली मला. आणि घर विका म्हणून हात धुऊन मागे लागलेल्या दिराला पाइप.

मी त्यांना बाजूला घेतलं. "वहिनी, पाइप परत घ्या! ओदोन त्यात बार भरून ठेवायचा."

"ठाऊक आहे, भावजी," म्हणत त्यांनी दिराकडे काडेपेटी सरकवली.